नवापूरला न सुटलेलं ग्रहण

माझ्या थापांवर बोईसरात कोणी विश्वास ठेवत नाही, ते योग्यच आहे. पण बसा, ही ऐका. सांगायचाही आता शीण येतो, म्हणून एकदाच सांगतो.

दोन हजार बावीसच्या दिवाळीतलं ते सूर्यग्रहण. संध्याकाळी मी नवापूरला सुकट आणायला निघालो, तर शेजारचा सुजित न विचारता गाडीवर मागे बसला. आम्ही एकाच केमिकल कंपनीत, एकाच शिफ्टला.

"दादा, समुद्रावर सोडा. अंघोळ करायचीय."

"का, नळाचं पाणी गेलं?"

तो हसला नाही. त्याची बायको भाविका महिनाभर एडवणला माहेरी होती. जाताना बोलली होती, "शिफ्ट सुटली की घरी नवरा येत नाही, नुसता थकवा येतो. माणूस बदलला तर पाडव्याला ओवाळायला येईन." पाडवा उद्यावर आला होता. पालघरच्या एका ज्योतिषाने सुजितला सांगितलं होतं, ग्रहण तुळेत आहे, तुमच्याच राशीत. जुना माणूस गळून पडेल. ग्रहण सुटलं की समुद्रात बुडी मारा आणि अंगावरचे कपडे तिथंच सोडा.

किनाऱ्यावर ओल्या जाळ्यांचा वास होता. सुरूच्या झाडांत एकही कावळा ओरडत नव्हता. अर्धवट खाल्लेला सूर्य तसाच पाण्यात उतरला. सुजितने चपला काढल्या.

जिच्याकडून मी सुकट घेतो, ती जमनाकाकी तिच्या ओट्यावरून ओरडली, "अरं, गिराण सुटला नाय अजून! दिस तसाच बुडला. सकाली उगवता दिस बघ, मंग नाहा!"

"सकाळी फर्स्ट शिफ्ट आहे, काकी. सूर्य बुडला म्हणजे ग्रहण सुटलंच."

आम्ही कंपनीवाले देवालाही शिफ्ट लावतो.

त्याने बुडी मारली. चौकडीचा निळा शर्ट वाळूवर टाकला, पिशवीतले नवे कपडे चढवले आणि चक्क हसत आला.

"काय हलकं वाटतंय, दादा!"

खरंच हलकं. गाडीवर मागे कोणी आहे की नाही, हे मी दोनदा चाचपून पाहिलं. वळणावर सहज किनाऱ्याकडे नजर गेली. शर्टाजवळ कोणीतरी बसलं होतं... गुडघ्यांत मान घालून. शिफ्ट सुटल्यावर सुजित बसतो, तसं.

मी गाडी थांबवली नाही.

सकाळी कंपनीत लॉकरजवळ सुजित बसलेला. तोच निळा शर्ट, ओला. पायांना वाळू.

"शर्ट सोडला होतास ना रे?"

"चालत आलो, दादा... फार दमलोय." मग हळूच, "भाविका आली का?"

दुपारी चाळीत आलो, तर भाविका दारात रांगोळी घालत होती. आत सुजित लसूण सोलत हसत होता.

"भाऊजी, पाडवा म्हणून ह्यांनी सुट्टी टाकली. सकाळपासून घरातून हलले नाहीत!"

दिवाळी संपली, त्याची सुट्टी संपेना. घरातला सुजित कामावर जात नव्हता, कामावरचा घरी येत नव्हता. रोज गेटवर तो विचारायचा, "आली का?" रोज मी सांगायचो, "नाही रे, माहेरीच आहे." आली म्हटलं असतं, तर तो गाडीवर मागे बसला असता. जन्मभर मजेत थापा मारल्या. या एका थापेने मला दमवलं.

एकदा नळावर भाविका म्हणाली, "भाऊजी, हे दमतच नाहीत हो... झोपत नाहीत, चिडत नाहीत. नुसते हसतात. मला तो आधीचाच बरा होता."

त्या दिवशी गेटवर मला थाप मारवेना. मी फक्त मान हलवली... हो अशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दोरीवर चौकडीचा निळा शर्ट वाळत होता. खाली वाळू सांडलेली. आतून घोरण्याचा आवाज येत होता. भाविका दारात आली. किती दिवसांनी तिचा चेहरा निवांत दिसत होता. तिने ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला, भाऊजी. दमून झोपलेत."

घोरणं चालूच होतं. आणि तिच्या मागे, त्याच खोलीत, कोणीतरी लसूण सोलत हसलं.