अप्पांचं वळण

त्या वर्षी सांगलीत दोन माणसांच्या पडद्यांवर एकच बटण एकाच जागी सापडत नसे. दुसऱ्याचा मोबाइल हातात घेतला की माणूस परक्या स्वयंपाकघरात साखर शोधावी तसा चाचपडायचा. कारण पडदे आता वळण घेत होते.

'वळणपडदा' हे नाव भारदस्त असलं, तरी गोष्ट साधी होती. लहान मुलाच्या हाताला अक्षराचं वळण लागतं, तसं या पडद्याला माणसाचं वळण लागे. बोट कुठे अडखळतं, नजर आधी कुठे जाते, घाई कुठे होते, हे सगळं तो टिपून घेई आणि रोज केसभर बदले. जे लागतं ते हाताशी येई. जे लागत नाही ते कडेला जाऊन दिसेनासं होई. वर्षा-दोन वर्षांत पडदा त्या एकाच माणसाच्या मापाचा होऊन बसे.

ऋजुता चौगुले या पडद्यांच्या हालचालीचे नियम लिहायची. पूर्वी तिच्या धंद्यातली माणसं बटण निळं असावं की जरा जास्त निळं, यावर गिऱ्हाइकाशी आठवडाभर हुज्जत घालत. आता बटण आपली जागा आपणच शोधे. ते किती सरकायचं आणि कशामुळे, एवढंच ऋजुताने ठरवायचं. अपार्टमेंटमध्ये मात्र हे बारकावे कोण विचारतो? ती कम्प्युटरवाली, म्हणून कुणाचा प्रिंटर रुसला तरी तिलाच हाक.

त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या शालन इनामदारांनी बोलावलं, तेव्हा ती जरा वैतागूनच गेली. शालनकाकूंचे यजमान अप्पा, मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, नुकतेच गेले होते. काकूंचा स्वभाव असा, की समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्यांचं उत्तर तयार.

"काकू, काय बिघ..."

"बिघडलं काही नाही गं. हा भिंतीवरचा पडदा अप्पांचा. वीजबिल, गॅस, सगळं ह्याच्यावर. मी आपली मोबाइलवर भजनं ऐकणार, बहिणीशी बोलणार. आता हा मलाच वापरायला लागतोय. पण मी हात लावला की हा हलतोय!"

"हलणारच. तो तुमचं वळण शिकतोय."

"तेच नकोय मला. काल हवामान मधोमध होतं, आज बघ, कडेला गेलंय. मला काय करायचंय हवामान? पण ते उठले की आधी हवामान बघायचे, मग गॅलरीत जाऊन आभाळ. मी एक बोट लावलं की तेवढे ते पुसले जातायत."

ऋजुताने पडदा नीट पाहिला आणि तिचा वैताग कुठच्या कुठे गेला. तिने हजारो पडद्यांसाठी नियम लिहिले होते, पण एवढा मुरलेला पडदा कधी पाहिला नव्हता. सगळी बटणं डावीकडे झुकली होती. अप्पा डावखुरे होते. अक्षरं मोठाली होती. शेवटी त्यांची नजर मंदावली होती. तिने सहज एक निरोप लिहून पाहिला, तर 'पाठवा' हे बटणच येईना. ती थांबली. मग ते हळूच वर आलं.

"अप्पा निरोप पाठवायच्या आधी परत वाचायचे का हो?"

"दोनदा! मोजणीवाला माणूस. आपली चूक झाली की दुसऱ्याचा बांध सरकतो, म्हणायचे."

"म्हणून पडदा अजून तेवढा थांबतोय."

पडद्यावरचं सगळ्यात मोठं बटण तळहाताएवढं होतं. त्यावर लिहिलं होतं, 'शालनची गोळी'.

"माझी ब्लडप्रेशरची," काकू म्हणाल्या. "ते इथे बसून हाक मारायचे, 'शालन, गोळी!' मी पाणी घेऊन बाहेर यायची आणि त्यांच्यासमोर गिळायची. मला वाटायचं, त्यांच्या लक्षात राहतं."

ऋजुताने पुन्हा सगळा पडदा नजरेखालून घातला. इथे अप्पांचा फोटो नव्हता, आवाज नव्हता, आणि तरी अख्खा माणूस समोर होता. हे कुणी लिहिलं नव्हतं, तिनेही नाही. इतकी वर्षं आपण काय घडवतोय हे आपल्याला ठाऊकच नव्हतं, असं तिला वाटलं, आणि तिचे डोळे भरून आले.

"मी ह्याला थांबवते, काकू," ती म्हणाली.

तिने पडद्याचं शिकणं बंद केलं. मग तिच्या धंद्याच्या रीतीप्रमाणे कसून टेस्ट घेतली. स्वतः वेडीवाकडी बोटं मारली, काकूंना मारायला लावली. एकही बटण तसूभर हललं नाही. दोघी खूश होऊन पोहे खायला बसल्या.

पुढे दिवाळीत ती फराळाचं ताट घेऊन खाली आली. काकूंनी चहा ओतला, तो डाव्या हाताने.

"काकू, गुडघा कसाय?"

काकू काही बोलेनात. त्यांचे ओठ किंचित हलले, जणू उत्तर आधी मनात वाचून पाहत होत्या. मग म्हणाल्या, "बरा आहे."

ऋजुताला तो थांबा ओळखीचा वाटला. 'पाठवा' बटण तेवढाच वेळ घेत असे.

"तुम्ही डाव्या हाताने चहा ओतलात."

पुन्हा तोच थांबा. "हो का? सोयीचं पडतं आता. आणि सकाळी आभाळ पाहिल्याशिवाय चैन पडत नाही बघ."

ऋजुताने कप खाली ठेवला. "काकू, माझी चूक झाली. वळण दोन्हीकडून लागतं. पडदा माणसाकडे सरकतो, तसा माणूसही पडद्याकडे सरकतो, आणि दोघं मधे कुठेतरी भेटतात. मी पडद्याला खिळा ठोकला. आता सगळी वाट तुम्हीच चालताय. मी फक्त पडदा हलतो का ते पाहिलं. तुम्ही हलताय का, हे पाहायचं मला सुचलंच नाही. आत्ता सोडवते मी तो."

काकूंनी यावर चांगला दोनदा विचार केला.

"नको," त्या म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. "आधी ते भिंतीवर होते. आता माझ्या हातात आहेत."

"आणि तुम्ही, काकू?"

"मी कुठे जातेय? माझा मोबाइल आहे की. त्याला तू कुठे हात लावलायस? बघ, त्यात आहे मी."

ऋजुताने मोबाइल घेतला. त्याचं शिकणं कुणीच बंद केलं नव्हतं. तो रोज काकूंच्या हाताकडून इमानदारीने शिकत आला होता. बटणं डावीकडे झुकली होती. मधोमध हवामान होतं. भजनं आणि बहीण शोधून शोधूनही सापडली नाहीत. भिंतीवरचं ते तळहाताएवढं बटण इथेही येऊन बसलं होतं. शालनकाकूंचं वळण जपून ठेवावं, हे कुणाच्या मनातच आलं नव्हतं. आता ते कुठेच उरलं नव्हतं.

काकूंनी डाव्या हाताने मोबाइल परत घेतला आणि ते बटण दाबलं.

"शालन, गोळी!" त्यांनी हाक मारली, आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत त्या शांतपणे वाट पाहत बसल्या.