प्लॅस्टरमधलं अंडं

यशश्रीला एकच गोष्ट हवी होती: परदेशातल्या एका मोठ्या प्रयोगशाळेत संशोधनाची जागा. जागाही एकच होती. भूविज्ञानाच्या एवढ्या विद्यार्थ्यांतून ज्याचा नमुना पसंत पडेल, तो जाणार. त्यामुळे नदीवरच्या लम्हेटा घाटाच्या पलीकडे, परवानगी घेऊन खणलेल्या चरात डायनासोरच्या अंड्यांचं घरटं लागलं, तेव्हा आनंदाने तिला घासही जाईना.

अंडी एकमेकांना टेकून बसली होती, कधीची दगड झालेली. तिने कडेचं एक काढलं, ओल्या कागदात गुंडाळलं आणि त्यावर प्लॅस्टर चढवलं. मग शिरस्त्याप्रमाणे वर मार्करने बाण काढला. जमिनीत असताना नमुन्याची वरची बाजू कोणती होती, हे त्या बाणावरून कळतं. तो चुकला तर सगळी मेहनत पाण्यात.

"गरम लागतंय, सर," ती म्हणाली.

"प्लॅस्टर सुकताना गरम होतंच," देवदत्त सर म्हणाले. ते तिचे मार्गदर्शक. "अभी ठंडा हो जाएगा."

सुट्टी लागल्यामुळे विभागाला कुलूप होतं, म्हणून अंडं गढा भागात मावशीच्या घरी आलं. कुंदामावशीने जुन्या लुगड्याची चुंबळ करून दिली. त्या चुंबळीवर, बाण वर करून, यशश्रीने ते खोलीतल्या ट्रंकेवर ठेवलं. डिसेंबरची थंडी अशी, की नळाचं पाणी बोटांना चावत होतं.

सकाळी बाण भिंतीकडे वळलेला होता.

"मावशी, तू हे हलवलं काय?"

"मी काहून हलवू? तूच म्हटलं ना, हात नको लावू."

यशश्रीने ते सरळ केलं. प्लॅस्टर अजून कोमट होतं. संध्याकाळी चहा घेऊन ती आत आली, तर बाण दिसेचना. तो खाली गेला होता, चुंबळीत. खोलीला उन्हात तापलेल्या चिखलाचा वास येत होता आणि खिडकी तर बंद होती.

मावशीने अंड्याला हात लावला आणि लगेच काढून घेतला.

"गोंदियाला आमच्याकडे कोंबड्या होत्या," ती हळू आवाजात म्हणाली. "खुडूक बसली की कोंबडी अंडी फिरवत राहते, बेटा. नाही तर पिल्लू आतून चिकटते..."

"मावशी, हा दगड आहे."

"अच्छा. दगडच आहे, तर मग वापस ठेवून ये."

यशश्री घाबरली होती. पण परत ठेवायचं म्हणजे जागेवर पाणी सोडायचं, आणि तेवढी ती घाबरली नव्हती.

विभाग उघडला त्याच दिवशी सरांनी अंडं करवतीखाली धरलं. पात्यावर पाणी सुटलं, किंचाळल्यासारखा आवाज झाला आणि दोन अर्धुकं वेगळी झाली. आत घट्ट, करडा दगड. थंडगार. यशश्रीला सरांसमोरच रडू आलं. मग ती हसली, आपल्याच भित्रेपणाला.

सूक्ष्मदर्शकाखाली बघायला कवचाची पातळ चकती सुरेख निघाली. दोन्ही अर्धुकं पेटीत भरून प्रयोगशाळेकडे रवाना झाली. जागा यशश्रीला मिळाली. मावशीने गल्लीत खोव्याची जलेबी वाटली.

त्या रात्री यशश्री भिंतीकडे तोंड करून झोपली. जाग आली तेव्हा डोकं पलंगाच्या पायथ्याशी होतं, तोंड दाराकडे होतं आणि अंग घामाने चिंब होतं. पांघरुणाच्या कडा चारी बाजूंनी तिच्या अंगाखाली खोचलेल्या होत्या. मावशी दारात चहा घेऊन उभी होती.

"अशी काहून झोपली?"

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा उलट्या कुशीवर होती. अर्धुकं परत मागवावीत, घरट्यात नेऊन ठेवावीत, असं मनात आलं. पण कापलेलं सांधणार कसं?

"आज तू माझ्याजवळ झोप, मावशी," ती म्हणाली. मावशी झोपली, तिचा हात हातात घेऊन.

उजाडलं तेव्हा हातात हात नव्हता. यशश्रीची कूस बदललेली होती. पांघरूण नीट खोचलेलं, उबदार. खोलीत तापल्या चिखलाचा वास भरला होता. मावशी पार दाराजवळ, गार फरशीवर, गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

"पडलीस काय गं?"

मावशीने मान हलवली. यशश्रीच्या मागे, पलंगाच्या वर, ती एकटक बघत राहिली होती.

"पडली नाही, बेटा... मला उचलून बाजूला ठेवलं. एकदम हळूच." तिने गुडघे आणखी जवळ ओढले. "मी तिचं पिल्लू नव्हती ना."