पिशीच्या वाट्याची गोळी

त्यागासाठी माणसाचं हृदय विशाल असावं लागतं! श्यामबाजारच्या सान्याल कुटुंबाला मात्र त्या सकाळी एका निरोगी आतड्याची गरज होती.

पोट जरा गुरगुरलं की बिस्किटांच्या डब्यातली अँटिबायोटिकची गोळी काढायची, ही त्या घराची नित्यपूजा. त्या पूजेनं कर्त्या भवतोषबाबूंच्या आतड्यातले सगळे चांगले जंतू मारले, एक चिवट वैरी तेवढा उरला... आणि आता दिवसाला पंधरा जुलाब! पाच आठवड्यांत माणसाचं चिपाड झालं होतं.

"आता एकच उपाय," डॉक्टर लाहिडी म्हणाले, "निरोगी माणसाच्या विष्ठेतले जंतू यांच्या आतड्यात सोडायचे. घरातलं कोण देतंय? वर्षभरात अँटिबायोटिक घेतलेलं चालणार नाही."

पत्नी केतकीनं पदर तोंडाला लावला. "परवाच शिंका आल्या म्हणून मी पाच दिवसांचा कोर्स केला हो!"

"मीही घेतल्यात. पिशीला विचारा की," मुलगा बुबाई आत्याकडे बोट दाखवत म्हणाला. "ती कधी आजारीच पडत नाही."

दाराशी उभ्या बिंदुबासिनीच्या, भवतोषच्या थोरल्या विधवा बहिणीच्या, काळजात कळ उठली... गेल्या श्रावणात ती नऊ दिवस तापानं फणफणली होती! 'तुमची हाडं जुन्या काळातली, थानकुनीच्या पाल्याचा रस घ्या,' एवढंच केतकी म्हणाली होती. एकोणतीस वर्षांत तो डबा तिच्यासाठी एकदाही उघडला नव्हता. पाण्यात आंबवलेल्या शिळ्या भातावर पोसलेलं ते उपेक्षित पोट सगळ्या तपासण्यांत अव्वल आलं. डॉक्टरांनी वयाकडेसुद्धा काणाडोळा केला.

"देशील, दिदी?" भवतोषनं विचारलं.

"माझी खोली दिली, दागिने दिले, रे... एवढंच राहिलं होतं."

दुसऱ्या दिवशी सगळं घर संडासाच्या दाराशी प्राण कंठाशी आणून उभं होतं.

"पिशी, झालं का?"

"ओरडू नका रे मेल्यांनो! ओरडलं की होत नाही!"

झालं. आठव्या दिवशी भवतोषबाबू स्वतःच्या पायांनी चालत आले आणि बहिणीच्या पायांवर कोसळले. "मी पापी आहे, दिदी! तुझ्याकडे कधी वळून पाहिलंच नाही..." दोघांच्या अश्रूंना खळ नव्हता. रडता रडता तिला शिंक आली.

"दिदी!" त्यांनी डबा उघडला. "आता तुझी आबाळ होऊ देणार नाही!"

तळहातावर गुलाबी गोळी होती. डॉक्टरांचं बोलणं तिनं दाराआडून ऐकलं होतं, सगळं कळत होतं... पण भावाच्या हातातलं पाण्याचं भांडंही तिच्यासाठीच होतं! ते कसं परतवायचं, हे तिला कुणी शिकवलंच नव्हतं. तिनं गोळी गिळली. पाच दिवस, सकाळ-संध्याकाळ, त्यांच्याच हातून गिळली.

पुढच्या वेळी दाता घराबाहेरचा शोधावा, असं डॉक्टर लाहिडींनी कागदावर लिहून ठेवलं.