खिशात मावणारं पिस्तूल

मंगळवारी सकाळी माझ्याकडे सहसा कुणी फिरकत नाही. केनर वेल्स गावाबाहेर, बंद पडलेल्या कापसाच्या गोदामामागे माझं नेमबाजीचं मैदान आहे. मातीचा उंच बांध, त्याच्यासमोर सहा जागा आणि पत्र्याच्या शेडमध्ये एक फळा. टेक्ससच्या या कोपऱ्यात शेरीफच्या हाताखाली सव्वीस वर्षं डेप्युटी म्हणून काढल्यावर मला दुसरं काही येत नव्हतं, म्हणून हे सुरू केलं. शनिवारी वर्ग असतो. बाकीचे दिवस मी बांधातलं शिसं चाळून काढतो.

त्या मंगळवारी ओपल रॅन्सडेल आली. वय अठ्ठ्याहत्तर, उन्हाने रापलेला चेहरा, पुढे दोन मोठे खिसे असलेला सुती झगा. तिचा नवरा ऑर्विल मार्चमध्ये वारला होता. जुन्या हमरस्त्यावर त्यांचा पेट्रोल पंप होता. नवा महामार्ग दहा मैल उत्तरेकडून गेला, पंप बंद झाला, पण दोघं त्याच्या मागच्या घरात राहिली. लहानपणी मी तिच्याकडून थंड सोडा घ्यायचो, म्हणून आजही तिला मिस ओपल म्हणतो.

तिने पुरुषी हातरुमालाची घडी उलगडली. आत एक इटालियन पिस्तूल होतं, पॉइंट पंचवीस कॅलिबरचं. माझ्या तळहातात पूर्ण झाकलं गेलं.

"हे पुरेसं आहे का, तेवढं सांग," ती म्हणाली. "रोज जवळ बाळगायला."

"मिस ओपल, याने उंदीर मरेल. तोही आधीच आजारी असला तर."

ती हसली नाही. मग मी तिला शनिवारच्या वर्गात सांगतो तेच नीट सांगितलं. या गोळीचं टोक मटाराच्या दाण्याएवढं. जाड कोटातून, हाडावरून ती कशी जाईल याचा भरवसा नाही. तिने माणूस मरत नाही असं मुळीच नाही. मी मेलेले पाहिलेत, पण दोन-दोन दिवसांनी. प्रश्न मरण्याचा नसतोच, पहिल्या दहा सेकंदांचा असतो. मोठी गोळी समोरच्याला थांबवते. लहान गोळी थांबायचं की नाही हे त्याच्यावर सोपवते. बहुतेक जण थांबतात, कारण अंगाला भोक पडलेलं कुणालाच आवडत नाही.

"आणि ज्याने थांबायचं नाही असं ठरवलं?"

"तो चालत राहतो."

तिने मान हलवली. तिला ठाऊक असलेल्या गोष्टीवर मी शिक्का मारला होता, असं मला तेव्हा उगीच वाटलं.

मी कपाटातून दुसरी दोन काढली, एक अडतीसचं रिव्हॉल्व्हर आणि एक नऊ मिलिमीटरचं. तिच्या बोटांचे सांधे अक्रोडासारखे सुजलेले. नऊचा वरचा भाग तिला मागे खेचता येईना. अडतीसचा घोडा दोन बोटांनीही पुरता दाबला जाईना. पंचवीसच्या बाजूला एक छोटी कळ होती. ती अंगठ्याने सरकवली की नळी मागच्या बाजूने वर उचलली जाई, आत पहिली गोळी ठेवायची आणि नळी मिटायची; बाकीच्या सात मुठीत भरलेल्या. हे तिला सहज जमत होतं.

"तुझं मोठं पिस्तूल माझ्या कपाटात पडून राहील," ती म्हणाली. "हे खिशात असतं. कपडे वाळत घालताना, कोंबड्यांना दाणे टाकताना. गरज पडेल तेव्हा मी कपाटापाशी असेन का, ड्वाइट?"

शेवटी जवळ असतं तेच कामाला येतं, हेही मीच फळ्यावर लिहितो.

तीन आठवडे, दर मंगळवारी आणि शुक्रवारी, ती आली. मी जुन्या गोळ्या फेकून नव्या दिल्या, कारण जुन्यांतली प्रत्येक चौथी पेटत नव्हती. चार यार्डांवरून आठच्या आठ गोळ्या ती खेळायच्या पत्त्याएवढ्या चौकोनात घालू लागली. हात दुखले की बादलीतल्या बर्फात बुडवायची आणि परत उभी राहायची. एवढ्या निश्चयाने शिकणारा माणूस मी क्वचित पाहिला.

तिसऱ्या शुक्रवारी मी विचारलं, कुणाची भीती आहे?

तिने बर्फातून हात काढून झग्याला पुसले आणि सांगितलं. ऑर्विल गेल्यापासून रोज दुपारी तीनच्या सुमारास रस्त्यावर एक माणूस दिसतो. घराकडे चालत येतो, पण पोचत नाही. मे महिन्यात तो पवनचक्कीच्या पलीकडे होता. आता पुष्कळ जवळ आलाय. चारच्या आत दिसेनासा होतो, आणि दुसऱ्या दिवशी काल जिथे होता तिथून पुढे चालायला लागतो.

मी म्हटलं, ऑगस्टमधल्या रस्त्यावर पाणीसुद्धा दिसतं. तिने शांतपणे विचारलं, त्या पाण्याने तपकिरी कोट घातलेला असतो का?

तपकिरी कोट म्हटल्यावर मला ऑर्विलची गोष्ट आठवली. इथे ती सगळ्यांना पाठ आहे. पंचेचाळीस वर्षांपूर्वी भर दुपारी तपकिरी कोटातला एक अनोळखी माणूस पंपावर आला, गल्ला मागितला, आणि ऑर्विलने त्याला छातीत गोळी घातली. माणसाने खाली छातीकडे पाहिलं, वळला आणि रस्त्याने चालता झाला. शेरीफने दोन दिवस कुत्री फिरवली. ना प्रेत, ना रक्ताचा थेंब. पुढे आयुष्यभर कॅफेत लोक ऑर्विलला चिडवायचे, काय रे, तुझा माणूस अजून चालतोच आहे का? ऑर्विल कधी हसायचा नाही. आणि रोज दुपारी तीनच्या आत घरी परतायचा, एवढं मात्र खरं.

दुसऱ्या दिवशी वर्ग लवकर आटोपून मी तिच्याकडे गेलो. पोर्चमध्ये दोन खुर्च्या होत्या. तिने बर्फ घातलेला चहा दिला. समोर रस्ता टेकडीपर्यंत मैलभर सरळसोट, अर्ध्यावर पवनचक्की, दोन्ही बाजूंना मेस्किटची झुडपं आणि तारेचं कुंपण. कोंबड्या घराखाली जाऊन बसल्या होत्या. वाऱ्याचा मागमूस नव्हता.

तीन वाजून सहा मिनिटांनी तो दिसला.

मी सोबत अंतर मोजायची दुर्बीण आणली होती. आत एक माणूस स्पष्ट दिसत होता. तपकिरी कोट, डोक्यावर काही नाही, हात सैल सोडलेले. पाय व्यवस्थित पडत होते, पण धूळ उडत नव्हती. मी कळ दाबली. आकडा आला एक हजार नऊशे चाळीस यार्ड. ते त्याच्या मागच्या टेकडीचं अंतर होतं. तीनदा दाबलं, तीनदा तेच. त्याच्या शेजारचा कुंपणाचा खांब मोजला तर दोनशे दहा.

मी गाडी काढली आणि त्याच्या दिशेने गेलो. त्या खांबापाशी पोचलो तेव्हा रस्ता रिकामा होता. रस्त्यावर साचलेल्या चुनखडीच्या भुकटीत माझ्या टायरांशिवाय एकही खूण नव्हती. उतरून झुडपं पाहिली. कुंपणापलीकडे दहा-बारा गुरं उभी होती, सगळी तोंडं एकाच दिशेला, घराकडे. मीही तिकडे पाहिलं.

तो माझ्या आणि घराच्या मध्ये होता. मला पाठमोरा, चालत.

मी गाडीतून त्याच्यामागे गेलो. पोर्चपर्यंत गेलो. वाटेत कुणीही लागलं नाही.

त्या दिवसापासून मी रोज जाऊ लागलो. तो रोज जिथे दिसे तिथल्या कुंपणाच्या खांबाला लाल फीत बांधली. सोमवारी एकशे साठ, मंगळवारी एकशे बारा, बुधवारी साठ. मी मिस ओपलला माझ्या बहिणीकडे राहायला जा म्हणून विनवलं. तिने साफ नकार दिला. मग मी माझी शॉटगन आणून भिंतीला टेकवली. तिने ती उचलून परत माझ्या गाडीत ठेवली.

"रस्त्यावरून चालणाऱ्या माणसाला गोळी घालता येत नाही, हे तूच शिकवतोस ना?"

"मग पिस्तूल कशाला शिकलात?"

ती परत येऊन खुर्चीत बसली.

"त्या दिवशी ऑर्विल पंपावर नव्हता," ती म्हणाली. "टायर आणायला पेकॉसला गेला होता. पिस्तूल माझं होतं. माझ्याच खिशातलं."

पुढचं तिने एका दमात सांगितलं. हवा भरायचं यंत्र धडधडत होतं. तो दारातून आला आणि काहीतरी म्हणाला, ते तिला ऐकू आलं नाही. तो पुन्हा म्हणाला, आणि त्याने कोटात हात घातला. गल्ल्याचं नाव त्याने काढलं नव्हतं. ते ऑर्विलने शेरीफला सांगितलं, आणि गोळीही आपणच घातली असं सांगितलं.

"पिस्तूल लहान होतं म्हणून तो वाचला असेल, असं मी स्वतःला सांगायची," ती म्हणाली. "मोठं असतं तर तिथेच पडला असता, आणि कोटात काय होतं ते तरी कळलं असतं. तो म्हणाला काय होता, ते मला ऐकायचंय. आणि ऐकून कोटातून खरंच काही वाईट निघालं, तर तेवढ्यापुरतं हे आहे. चार यार्डांवर पुरेसं आहे. तूच म्हणालास."

मी तसं कधी म्हणालो नव्हतो. पण तिचा नेम पाहून मनातल्या मनात नक्की म्हटलं होतं.

गुरुवारी तो तीन वाजता दिसला, तेव्हा पंपाच्या गंजलेल्या यंत्रापाशी होता. घरापासून वीस यार्डांवर.

मी उभा राहिलो. डेप्युटी असताना जसा आवाज द्यायचो तसा दिला. थांब, हात दिसतील असे ठेव.

तो थांबला नाही.

कोटाच्या डाव्या बाजूला, बटणाच्या वर एक भोक होतं. पेन्सिलीचं टोक जाईल एवढं. कडा स्वच्छ.

मिस ओपल पायऱ्या उतरली. उजवा हात खिशात होता.

मी तिच्या मागे निघालो. तिने न वळता डावा हात वर केला आणि मी जागीच थांबलो. माझं पंचेचाळीस कॅलिबरचं पिस्तूल माझ्या हातात कधी आलं ते मला कळलं नव्हतं.

चार यार्ड. तीन.

तो थांबला.

"त्या दिवशी मला ऐकू आलं नाही," ती म्हणाली. "आता सांग."

त्याचा हात कोटाकडे गेला. तिचा खिशातला हात हलला. मी पाहिलं, हलला आणि स्थिर झाला. तिने गोळी झाडली नाही.

त्याने कोटातून काहीच काढलं नाही. भोकावर पंजा ठेवला, नुसता, आणि वाकून तिच्या कानाशी ओठ नेले. मला शब्द ऐकू आले नाहीत. तिने मान वर केली, त्याच्या खांद्यावरून मागच्या रस्त्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग एकच शब्द बोलली.

त्याचे खांदे सैलावले. गुडघे हळूहळू वाकले, दिवसभर राबलेला माणूस पायरीवर टेकतो तसे. मी धावत पोचलो तेव्हा ती एकटीच उभी होती आणि उजवा हात खिशातून काढायचा प्रयत्न करत होती. बोटं पिस्तुलाभोवती अशी आखडली होती की मला ती एकेक करून सोडवावी लागली. आठही गोळ्या आत होत्या.

तो काय म्हणाला ते तिने सांगितलं नाही. मीही खोदून विचारलं नाही. तो माणूस परत दिसला नाही. मी फिती सोडून आणल्या. मिस ओपलला झोप लागू लागली असेल, असं मला वाटलं.

पण ती मंगळवारी मैदानावर आली. शुक्रवारीही आली. बर्फाची बादली मागितली आणि पूर्वीपेक्षा जास्त वेळ सराव केला. असे पाच आठवडे गेल्यावर मी तिला बाकावर बसवलं आणि म्हटलं, आता कशासाठी?

तिने बर्फातले हात पाहिले.

"त्याने विचारलं, बाई, माझ्या मागे कुणी येतंय का, जरा बघता?"

शेडचा पत्रा उन्हाने तडतडला. मी विचारलं, मग तुम्ही काय म्हणालात?

"नाही म्हणाले. पंचेचाळीस वर्षं चालून दमला होता रे तो."

"खरंच कुणी नव्हतं ना?"

तिने हात पुसले, पिस्तुलाची नळी उघडली आणि आत एक गोळी ठेवली.

"पवनचक्कीच्या बरंच पलीकडे होतं," ती म्हणाली. "आता अलीकडे आलंय. आणि ते चालत नाहीये, ड्वाइट. धावतंय."