चौदा तारखेचा शिक्का

खरं तर त्या दिवशी समता बँकेच्या त्या टेबलावर असायलाच नको होती. परदेशी व्यवहार बघणारे साहेब आजारी पडले, म्हणून मॅनेजरांनी तिला कर्जाच्या टेबलावरून उठवून तिथं बसवलं. दहाच मिनिटांत एक उंच, सावळा माणूस कागदांची फाईल पुढ्यात ठेवून उभा राहिला. बुलढाण्याची डिसेंबरातली थंडी होती, आणि त्याच्या मफलरला रुईचे पांढरे तंतू चिकटले होते...

तिनं कागद वाचले आणि परत सरकवले.

"हे असे पाठवता येणार नाहीत."

"काऊन?"

"एलसीवर मोताळ्याचं स्पेलिंग एक आहे, तुमच्या बिलावर दुसरं."

"एका अक्षरानं काय होते, मॅडम? रुई तर तेच हाय ना!"

"तिकडची बँक तुमची रुई बघायला येत नाही. ती फक्त कागद बघते. एलसी म्हणजे त्या बँकेचं वचन – ठरलेले कागद, ठरल्या तारखेत आणा, पैसे देते. एखादं अक्षर चालेलही... पण ज्याला पैसे अडवायचे असतात, त्याला तेवढंही पुरतं."

तो हसला. "बरं झालं तुम्ही बसल्या इथं."

तो गजेंद्र. मोताळ्याच्या तीनशे शेतकऱ्यांनी मिळून कंपनी काढली होती, ते रुईच्या गाठी बांगलादेशच्या गिरण्यांना पाठवत. सगळी धावपळ गजेंद्रची. समताला पुढं तेच टेबल कायमचं मिळालं. कुरिअरनं येऊ शकणारे कागद मग गजेंद्र स्वतः घेऊन येऊ लागला... घाट चढून, कधी एका सहीसाठी, कधी नुसतं विचारायला.

"लग्नालेही असेच कागद लागतात का हो, मॅडम?"

"लागतात. आणि मी फार बारीक तपासते."

"तपासा ना. मी कुठं नाही म्हनलो?"

ती मान खाली घालून शिक्के मारत राहायची, पण कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या. बँकेसमोरच्या टपरीवर दोन चहा कधी चार झाले, 'मॅडम'ची 'समता' कधी झाली, दोघांनाही कळलं नाही.

अडलं ते घरात. समता साखरखेर्ड्याच्या बौद्ध कुटुंबातली. तिचे वडील भाऊराव एवढंच म्हणाले, "पोरगा कामाचा असन तर आमची ना नाही." गजेंद्रचे वडील पंजाबराव मात्र वर्षभर त्याच्याशी नीट बोललेही नाहीत.

आणि मग दोन वर्षांनी, फेब्रुवारीत एका दुपारी गजेंद्र जिने धावत चढून आला. हातात शंभर गाठींचे कागद. समतानं जहाज कंपनीची पावती उचलली. एलसीत माल चढवायची शेवटची तारीख तेरा. पावतीवर वरच छापलं होतं, बारा. तेवढ्यात तो टेबलावर वाकला.

"समता... बाबा हो म्हनले."

तिचे डोळे भरून आले, समोरची अक्षरं पुसट झाली. तिनं पावतीवर बरोबरची खूण केली, पुढचा कागद घेतला.

"सगळं बरोबर हाय ना?"

"हो... सगळं बरोबर आहे."

आठवड्यानं तिकडच्या बँकेचा नकार आला. पावतीच्या तळाशी, फिकट शाईत, माल जहाजावर चढल्याचा वेगळा शिक्का होता. चौदा तारखेचा. नियमानं तीच तारीख धरायची. एका दिवसाचा उशीर. मधल्या दिवसांत भाव कोसळले होते, गिरणीवाल्याला निमित्त हवंच होतं. गाठी बंदरात पडून राहिल्या, शेवटी मिळेल त्या भावानं गेल्या.

मॅनेजर म्हणाले, "तू कशाला घाबरतेस? कागद बरोबर आणणं विकणाऱ्याचं काम. आपण फक्त पुढे पाठवतो."

नियम तसाच होता. तिला तो पाठ होता.

गजेंद्रनं तिला एका शब्दानं दोष दिला नाही. पण मोताळ्यात कुजबुज सुरू झाली – गजेंद्रनंच मुद्दाम माल अडकवला, मागल्या दारानं स्वस्तात उचलला. सभा बोलावली गेली. आदल्या दिवशी त्याचा फोन आला.

"तू काही बोलू नको. माहीच चूक झाली म्हनून सांगतो मी. दोन वर्षांत विसरतीन लोक. लग्न तर होईन आपलं."

"आणि तुला चोर म्हणतात, ते?"

त्यानं फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी समता घाट उतरून मोताळ्याला गेली. कंपनीच्या जिनिंग कारखान्याच्या आवारात सतरंज्यांवर माणसं, बाया बसल्या होत्या. गजेंद्र बोलायला उठला, तशी तीही उभी राहिली.

"बँकेत कागद मी तपासले. गजेंद्रनं विचारलं होतं, बरोबर आहे का म्हणून. मी हो म्हणाले. तो शिक्का मी बघितलाच नाही. त्या दिवशी सांगितलं असतं, तर गिरणीवाल्यानं मुदत वाढवून दिली असती... तेव्हा भाव चढे होते."

"काऊन नाही पाह्यला?" मागून एका बाईनं विचारलं. "तुमचं कामच हाय ना ते?"

समता हळूच म्हणाली, "त्या वेळी... मी फार खूष होते."

कुणी हसलं नाही. मग एक म्हातारा पुटपुटला, "म्हंजे पोरगं चोर नाही तर." आणि सभेनं कंपनी गजेंद्रच्याच हाती ठेवली.

फाटकापाशी पंजाबरावांनी तिला गाठलं. ते चिडले असते, तर बरं झालं असतं.

"पोरी, खरं बोलली तू. माह्या लेकाची इज्जत राखली. पन या तीनशे घरांचं नुकसान झालं... तुले सून करून मी यांच्यासमोर कोन्या तोंडानं बसू?"

ती त्यांच्या पाया पडली. दुसरं काही सुचलं नाही.

गजेंद्र स्टँडवर धापा टाकत आला. "चाल, आपन कुठंबी जाऊ. पुण्याले, नागपूरले..."

"अन् ही माणसं? आत्ताच त्यांनी तुझ्यावर विश्वास टाकला."

त्यानं जिनिंगच्या वाटेकडे वळून पाहिलं. त्या बघण्यातच उत्तर होतं, आणि त्यासाठीच तर तो तिला आवडला होता.

"मी कधी म्हटलंच नाही तुला," ती म्हणाली. "जीव आहे माझा तुझ्यावर. खूप..."

"माहीत हाय मले," त्याचा आवाज फाटला. "काऊन बोलली तू सभेत? काऊन, समता?"

बस आली. तिनं त्याचा हात एकदा घट्ट धरला आणि सोडला.

घाट लागेपर्यंत तिनं धीर धरला. पहिल्या वळणावर मात्र रडू आवरेना. पदरात तोंड खुपसलं तरी हुंदके ऐकू जात होते. शेजारच्या अनोळखी बाईनं तिच्या पाठीवर हात ठेवला.

"नवी नवरी हायेस का वो माय? पहिल्यांदी सासरी जातानी असंच होते."

समतानं पदर बाजूला केला, होकारार्थी मान हलवली.

"हाव," ती म्हणाली.