मैदानावरचा मार

वेणू कातकरीण खांदा कॉलनीत चिंबोऱ्या-खेकडे विकून सांजेला घरी निघाली होती. करंजाड्याच्या टॉवरांमागे, खाडीच्या अंगाला कातकऱ्यांची वाडी. जवळची वाट गावाच्या मैदानावरून जायची. नवरा गेल्यापासून ती त्या वाटेनं फिरकली नव्हती. आज पाय दुखत होते म्हणून वळली.

भगवानशेठच्या विहिरीवरचा पंप नाहीसा झाला, तेव्हा याच मैदानात, विजेच्या खांबाला बांधून गावानं तिच्या नवऱ्याला, काळूरामला मारलं होतं. पंप पुढं शेठच्याच पुतण्याकडे सापडला. काळूराम झाडावरून पडून मेला, असं ठरलं.

पोरं खेळून गेली होती, मैदान रिकामं होतं. तरी काठीचा आवाज आला... ओल्या गोणीवर बसावी तसा. रक्ताचा उग्र वास आला. मग कण्हणं.

"नाय केलं, शेठ... मी नाय केलं..."

काळूरामच! वेणू धावत वाडीत आली. धाकटा दीर काशिराम दारात बसला होता. तिनं ऐकलेलं सांगितलं, तशी त्यानं मान खाली घातली.

"रोजच येतो आवाज, वयनी. मैदानावरनं येताना वाडीतल्या सगल्यांना ऐकू येतो. तुला कसं सांगायचं?"

दुसऱ्या दिवशी ती भगवानशेठच्या पायरीखाली उभी राहिली.

"शेठ, मेला ना तो... आता तरी मारू नका."

शेठ चिडला नाही. "येडी झालीस का गं? सांजच्याला मीच बसतो तिथं, पोरांची मॅच बगत. कोन मारतंय?"

तो खोटं बोलत नव्हता. तेच वेणूला सहन होईना.

सांजेला ती मैदानात गेली. पोरं खेळत होती, शेठ खुर्चीत बसला होता. काठी वाजू लागली, तशी वेणूनं खांबाला मिठी मारली आणि आपली पाठ पुढं केली. एकही फटका तिला लागला नाही. आवाज मात्र तिच्या आणि खांबाच्या मधून येत राहिला. पोरं हसली. कुणीतरी तिला हाकललं.

घरी येऊन तिनं काशिरामला भात वाढला. आज मार घरापर्यंत ऐकू येत होता, थांबतच नव्हता. आणि एकाएकी मैदानाकडून नवीन ओरडणं आलं.

"नाय केलं... आई गं... मी नाय केलं..."

आवाज काशिरामचा होता. काशिराम समोर बसलेला, घास हातात, तोंड मिटलेलं. तोही कान देऊन ऐकत होता.

"दादा नाय हा," तो हळूच म्हणाला. "कोन असंल गं, वयनी? तुला आवाज वलकू येतो का?"