सहा पृष्ठे, पण घन नव्हे

सहा सपाट पृष्ठे असलेली प्रत्येक वस्तू घन असते का? मंगळावरच्या वसाहतीत वस्तू आकार पाहून खोक्यांत भरणारा निवड्या नावाचा यंत्रमानव म्हणे, असते. म्हणून तर त्याने इरावतीचा स्फटिक चौकोनी खोक्यात दाबून बसवला आणि कट्कन त्याचं टोक मोडलं.

गुहेत पोटावर सरपटत जाऊन तिने स्वतः शोधलेला स्फटिक! इरावतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तसलेच आणखी अकरा स्फटिक सरकत्या पट्ट्यावरून निवड्याकडे येत होते. तिने धावत जाऊन लाल बटणावर मूठ हाणली. पट्टा थांबला.

"कुणी थांबवला?" तिचे शास्त्रज्ञ आजोबा गरजले. निवड्याचे नियम त्यांनीच लिहिले होते. "तासाभरात पृथ्वीचं यान सुटतंय!"

"मी थांबवला! तुमच्या नियमाने माझा स्फटिक मोडला!"

"नियम बरोबर आहे. सहा पृष्ठं, म्हणजे षट्फलक (सहा सपाट पृष्ठांची त्रिमितीय आकृती)."

"मग हा त्याला घन का म्हणतो?"

इरावतीने एक अखंड स्फटिक त्यांच्यापुढे आदळायचाच बाकी ठेवला. "मोजा!"

"पृष्ठं सहा, पण सगळी त्रिकोणी. घनाची चौरस असतात," आजोबा पुटपुटले. "कडा (दोन पृष्ठं मिळतात त्या रेषा) नऊ. घनाच्या बारा."

"आणि शिरोबिंदू (कडा मिळतात ते कोपरे) पाचच! घनाला आठ!"

"अगं, ही तर द्विसूची! टोकाशी मिटत जाते ती सूची. अशा दोन त्रिकोणी सूची तळाला तळ लावून जोडल्या की हा आकार होतो. घन आणि ही द्विसूची, दोघांचं आडनाव षट्फलक, नावं मात्र वेगळी."

"नुसत्या आडनावावरून ओळखता होय कुणाला?"

"चुकलं माझं."

चुकलं म्हटल्याने टोक थोडंच जुळणार होतं? इरावतीने कळफलक पुढे ओढला आणि खाडखाड नवा नियम लिहिला. 'आधी पाहा, पृष्ठं सपाट की वक्र. सपाट असतील तर मोज, त्यांचा आकार पाहा. कडा मोज, शिरोबिंदू मोज. मग नाव दे. जमलं नाही तर विचार.'

अकराही स्फटिक मऊ कापसात गुंडाळून धडधाकट यानात चढले. इरावती अजून धुमसतच होती. एवढ्यात निवड्याने एक वेडावाकडा दगड उचलला, फिरवून पाहिला आणि तो तिच्याकडे वळला.

"याचं नाव मला माहीत नाही. मोजायला मदत कराल?"

"आण इकडे," ती म्हणाली.